रिकाम्या गाडीची खेप

आमच्या घरात माणसांची किंमत टन-किलोमीटरमध्ये व्हायची. हे मी गमतीनं सांगत नाही. नवरा मालगाडीवर गार्ड, सासर ताडकळसचं, बिऱ्हाड पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणि मी तिथल्याच शाळेत भूगोल शिकवणारी. गार्डाला आता वरून दुसरं नाव आलंय, पण पूर्ण्यात अजून कुणी ते तोंडात घेत नाही. जेवायला बसलं की आमच्याकडे एक तर नद्या निघायच्या, नाहीतर मालाचे डबे.

लग्नानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. देशात रेल्वेनं आणि पाण्यानं किती माल वाहिला जातो हे मी दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी मोठ्यानं वाचत होते. इतके टन, तितके टन. हे दारात बूट काढत होते, ते तिथूनच हसले.

"नुसत्या टनानं काय कळतंय? एक टन ज्वारी इथून शेजारच्या मिरखेलला नेली अन् एक टन मुंबईला नेली, दोन्ही सारखंच का?"

मग बसून त्यांनी मला समजावलं. वजनाला अंतरानं गुणायचं. एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर. दहा टन एक किलोमीटर नेले काय आणि एक टन दहा किलोमीटर नेला काय, काम तेवढंच. मी म्हटलं, दहा पोरं फर्लांगभर नेणं आणि एकच पोर दहा फर्लांग कडेवर नेणं सारखं नसतं, कुठल्याही बाईला विचारा. त्यावर ते म्हणाले, "पोरं माल न्हाईत." वादात असं तोंड बंद करणारं काहीतरी बोलायची त्यांना सवय होती, आणि मला त्याचा राग यायचा.

पण सांगायचे फार छान. खताचंच उदाहरण घ्यायचे. खत परदेशातून जहाजानं येतं. तो समुद्रातला प्रवास आपल्या देशातल्या वाहतुकीत धरायचा नाही. बंदरात उतरून डब्यात भरलं, की तिथून पुढचं प्रत्येक किलोमीटर आपलं. पण तेच जहाज आपल्याच एका बंदरातून आपल्याच दुसऱ्या बंदराला माल नेत असेल, तर ते पाणीही आपलंच. देशात भरला आणि देशातच उतरवला, तो माल आपला. नद्यांचंही तसंच. दुसऱ्या मुलखात म्हणे नदीतून मोठाल्या बोटी कोळसा नेतात, त्याचेही टन आणि किलोमीटर मोजतात. मी विचारलं, मग आपल्या गंगेचं काय? गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. होडीनं पोती इकडची तिकडं जातातच की. हे म्हणाले, "ते कोण मोजतंय? आपल्याकडं त्या रकान्यात एकच शब्द. निरंक."

निरंक. म्हणजे काही नाही. कचेरीतला शब्द. काही नसलं तरी रकाना रिकामा ठेवायचा नाही, म्हणून तो लिहायचा. या शब्दावर त्यांचा इतका जीव जडला की पुढं घरात प्रत्येक गोष्टीला तो लागू लागला. लांबचे मामा आले, दोन तास बसले, चहा पिऊन हात हलवत गेले, की दार लावताना हे म्हणायचे, "आवक निरंक." मी सोमवारच्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आले, की, "फेरी झाली, वाहतूक न्हाई झाली."

कारण त्यांच्या मापाचा सगळ्यात कडक नियम तोच होता. रिकाम्या डब्यांना मोल नाही. माल उतरवून मोकळी गाडी परत येते. डिझेल जळतं, नाहीतर वीज जाते. ड्रायव्हर जागा, गार्ड जागा, रूळ झिजतात. पण टन-किलोमीटर शून्य. शून्याला कितीही मोठ्या अंतरानं गुणलं तरी शून्यच. "हजार कोस पळव की," हे म्हणायचे, "माल न्हाई तर काम न्हाई."

हे माप आमच्या घरात कुणी सगळ्यात मनावर घेतलं असेल, तर ते आक्कांनी. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. गंगेपलीकडे, पालमच्या बाजूला दिलेल्या. जिभेला धार, पण भावावर जीव असा की तूर निघाली की पहिली डाळ आमच्याकडे. होडीनं, मग बसनं, डोक्यावर गाठोडं घेऊन यायच्या आणि ओसरीत ते धपकन टाकून म्हणायच्या, "बापू, मोज आमची वाहतूक. पान्यानं आली अन् डांबरीनं बी आली." हे खरंच मोजायचे. बहीणभाऊ हसत बसायचे आणि सासूबाई मला म्हणायच्या, "दोगंबी येडे हायेत माझे."

सासूबाई ताडकळसला राहायच्या. पूर्ण्याला चला म्हटलं की म्हणायच्या, "तिथं रातभर गाड्या वराडतेत." शेवटच्या आजारपणात आक्का पलीकडून येऊन त्यांच्यापाशी राहिल्या. आम्ही येऊन-जाऊन होतो. डॉक्टरांनी आशा सोडा असं सांगितलं होतं, पण आजच असं काही कुणी म्हटलं नव्हतं. ड्युटीचा निरोप आला तेव्हा हे आईच्या उशाशी बसलेले होते. जाऊ का नको करत होते. सासूबाईच म्हणाल्या, "जा बाबा. गाडी खोळंबून ठिवू नको."

जाताना खत होतं. ते जालन्याकडे उतरलं आणि हे मोकळे डबे घेऊन परत निघाले. परभणी पुढ्यात आली आणि पेडगावला गाडी बाजूच्या रुळावर घेतली. मोकळी गाडी म्हणजे रांगेत सगळ्यात मागे. आधी एक्सप्रेस जाणार, मग पॅसेंजर, मग भरलेली मालगाडी, आणि सगळ्यांची वरात निघून गेली की मग ही. तिथं ते उभे असताना आक्कांचा फोन गेला, मायचं काही खरं नाही, निघ. पण गार्डाला गाडी सोडून जाता येत नाही. बदली माणूस आल्याशिवाय डब्यातून पाय काढता येत नाही. यांनी बदली मागितली. बदली येईपर्यंत ते पेडगावला उभेच राहिले. एका बाजूला कपाशी, दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या गाड्या.

मी शाळेत परीक्षेवर होते. निरोप मिळताच बस धरली. मी पोचले तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. हे संध्याकाळी आले. लेकासाठी सगळे थांबले होते.

ते दारात आले तेव्हा आक्का उठल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. त्यांनी विचारलं, "बापू, आज किती माल आणलास?"

यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "मोकळे डबे व्हते, आक्का."

"म्हंजी निरंक. तूच म्हणतोस ना? निरंकापायी माय गेली अन् तू मातीला आलास."

अंगणात सगळा गाव होता. कुणीतरी आक्कांना धरून आत नेलं. आमच्याकडे प्रेतयात्रेला मातीच म्हणतात, त्यामुळे बाकीच्यांना त्यात वावगं वाटलं नसेल. पण निरंक हा शब्द त्या अंगणात आम्हा तिघांनाच पुरता कळला, आणि तो कुठे बसला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दहावा झाला, तेरावा झाला, आक्का पलीकडे गेल्या त्या गेल्याच. भाऊबीजेला आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. डाळ मात्र यायची, कुणाच्या तरी हाती, निरोपाशिवाय. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायचं? यांनी त्या दिवसानंतर तो शब्द तोंडातून काढला नाही. घरात मापाची चेष्टा संपली, आणि खरं सांगते, जिचा मला इतकी वर्षं वैताग यायचा तिच्यावाचून घर खायला उठायचं.

मला वाटलं होतं, ते आक्कांवर रागावलेत. तसं नव्हतं. त्यांना आक्कांचं म्हणणं पटलं होतं. ते जास्त वाईट होतं.

मी माझ्या परीनं भांडून पाहिलं. म्हटलं, तुमच्याकडं दुसरं माप आहे की, डब्यांचं स्वतःचं वजन धरून मोजायचं. त्यात रिकामी गाडीही येते. ते म्हणाले, "ते इंजिनानं किती ओढलं त्याचं माप. लोकांचं काय नेलं, त्याचं न्हाई." मी म्हटलं, डबे परत गेलेच नाहीत तर दुसरं खत भरणार कशात? म्हणाले, "मला शिकवू नको. शून्य ते शून्य." मी चिडले. जन्मदात्री आई तुम्ही टनात मोजणार का, असं काहीबाही बोलले. त्यावर ते म्हणाले, "भरलेली असती ना गाडी, तर निदान म्हणता आलं असतं की कुणाचं तरी खत अडलं व्हतं."



यंदा दिवाळीनंतर ते निवृत्त व्हायचे होते. सोबतच्या लोकांनी सत्कार ठरवला. हार, शाल, दोन शब्द, जेवण. यांनी सरळ सांगितलं, "आक्का येणार नसंल तर मला हार नको." लोक मला भेटायला आले, वहिनी, साहेबांना समजवा. यांना समजवून काय होणार होतं? समजवायचं होतं ते गंगेपलीकडे.

म्हणून मी गेले. यांना सांगूनच गेले. ते नको म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "होडी चालू हाय का?"

पूल आहे, पण वळसा मोठा. बंधाऱ्यानं पाणी तुंबल्यापासून गंगा वर्षातले बरेच महिने काठोकाठ असते, आणि लोक होडीच बरी म्हणतात. इकडून मी गेले तेव्हा होडीत माझ्यासोबत एक मोटरसायकल, दोन बकऱ्या आणि सरकीच्या पेंडीची पोती होती. मी पदर सावरून पोत्यावर बसले. मनात म्हटलं, एवढा माल डोळ्यांदेखत पाण्यावरून चाललाय आणि रकान्यात काय, तर तो शब्द.

आक्कांनी मला पाहिलं आणि आधी पाणी दिलं. मग जेवायला घातलं. मग शेत दाखवलं. विषय निघू नये म्हणून जे जे करता येतं ते सगळं केलं. मी शेवटी ओसरीवर बसून सरळ विचारलं, "आक्का, सत्काराला येता ना?"

"सोयाबीनची रास घरात पडलीय, वैनी. कसं यायचं?"

"एक दिवसाचं तर आहे."

"मला हार-तुरे बघायला न्हाई आवडत."

याच्यापुढं माझी मजल गेली नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोघंही एकाच आईची. हट्टात रतीभरही कमी नाही. मी उठले. त्या मला पोचवायला काठापर्यंत आल्या. माझ्यासाठी तुरीची डाळ बांधली होती. ती त्यांनी स्वतःच डोक्यावर घेतली होती.

होडी समोरच्या, आमच्या बाजूच्या काठाला होती. तिथं पोती उतरत होती. ऊन चांगलंच होतं, आम्ही बाभळीखाली उभ्या राहिलो. पोती उतरली, माणसं उतरली, होडीवाल्यानं होडी वळवली आणि तो एकटाच वल्हं मारत निघाला. आक्कांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"चला वैनी, खेप निघाली बघा."

मी सहज म्हणाले. खरंच सहज, माझ्या मनात काही नव्हतं. "रिकामीच आहे की."

"मंग? रिकामीच यायची ना. भरलेली आली तर तुमाला कुठं बसवू?"

"नाही, तुम्ही खेप म्हणालात म्हणून."

"खेपच हाय ती. काठावर मानूस उभं असलं की..."

आणि त्या थांबल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहत राहिले. आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. विहिरीवर रिकामी घागर घेऊन गेलेली बाई खेपेला गेली असंच म्हणतात, खेपेहून आली असंच म्हणतात. जाणं वेगळं आणि येणं वेगळं असं खेपेत कुणी मोजत नाही. मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवते, टन-किलोमीटरवरून नवऱ्याशी भांडले, आणि हा घरचा शब्द मला एकदाही आठवला नव्हता. त्या अंगणात आक्कांनाही आठवला नव्हता.

होडी अर्ध्यात आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय, वैनी. त्याला गाडी सोडता येत न्हाई. तवाबी ठाव व्हतं."

"मग?"

"मंग काय. बोलले." त्यांनी डाळीचं गाठोडं होडीत ठेवलं, मला हाताला धरून चढवलं. होडी सुटल्यावर काठावरून ओरडल्या, "त्याला म्हणावं मी येते. पन सत्काराआधी येते. मला त्याच्याशी बोलायचंय."

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी त्या आल्या. यावेळी गाठोडं धपकन टाकलं नाही, दाराशी अलगद ठेवलं. हे खुर्चीतून उठले, पाया पडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मी पाणी आणलं. दोघं समोरासमोर बसले. मी आत जायला निघाले, तर आक्का म्हणाल्या, "वैनी, बसा. तुमीबी ऐका."

मग त्या यांच्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"तुला फोन केला ना, तवा माय शुद्धीवर व्हती. सारखी इचारायची, बापूची गाडी कुठवर आली? तू म्हणलास पेडगावला उभाय. मी तिला म्हणलं, पेडगाव सुटलं. घडीभरानं पुन्यांदा इचारलं, कुठवर आला? मी म्हणलं, परभणी आली. मंग म्हणलं, पिंगळी. मंग मिरखेल. तुझी गाडी तिथं हललीबी न्हवती अन् मी इथं टेसनामागून टेसन पुढं आनायली. बापू, मी जल्मात मायशी खोटं बोलले न्हवते. त्या दिवशी येवढं बोलले की माझं तोंड कडू झालं. ती गेली, अन् तू दारात आलास, अन् मला तुझाच राग आला, की हा खरंच का न्हाई आला मिरखेलला. त्येच तुझ्यावर काढलं. चारचौघांत काढलं. तवापासून तुझ्या दारात यायची मला लाज वाटायलीय."

हे ऐकत होते. त्यांनी हाताचे पंजे गुडघ्यांवर घट्ट धरले होते. मी त्यांना इतक्या वर्षांपासून ओळखते, त्यामुळे मला वाटलं, आता ते काही बोलणार नाहीत. पण त्यांनी विचारलं, "मिरखेलच्या पुढं?"

"आं?"

"मिरखेलच्या पुढं कुठवर आणलीस गाडी?"

आक्कांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पूर्ण्याला आनली. मंग तुला तिथून बसमंदी बसवलं. मंग म्हणलं, माय, बापू येशीपाशी आला, बूट वाजायलेत बघ. तवा तिनं डोळे उघडले. म्हणली, आला का? मंग भाकर टाक, भुकेला असंल."

आता हे रडत होते. मातीच्या दिवशी ते रडले नव्हते, नंतरही कधी नाही. मीही रडत होते. आक्का तेवढ्या कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. त्यांचं रडून झालं असावं, इतक्या दिवाळ्यांत.

यांनी नाक पुसलं आणि हळूच विचारलं, "टाकलीस?"

"टाकली की," आक्का म्हणाल्या. "दोन टाकल्या. तुला एक पुरत न्हाई."